सेवा चालू आहे, प्रार्थना आटली आहे: नेमकं काय करावं?

प्रश्न: संडेस्कूल_शिक्षिका

जय ख्रिस्त.

प्रश्न आत्मिक थकव्याचा आहे. "प्रार्थना वाढवा, सगळं ठीक होईल" याच्या पुढचं उत्तर हवंय, म्हणून शक्य तेवढं नेमकं लिहिते.

कामं अशी: रविवारी उपासनेआधी संडे स्कूल, उपासनेत क्वायर, बुधवारी महिला मंडळ, शुक्रवारी उपास-प्रार्थना, अधूनमधून घरगुती प्रार्थना, नाताळ आणि ईस्टरच्या आधी तालमी. जोडीला पूर्ण वेळ नोकरी, घर आणि सासूबाईंचं आजारपण.

लक्षणं अशी: बायबल उघडलं की धड्याची तयारीच होते, स्वतःसाठी वाचणं होत नाही. चारचौघांत प्रार्थना व्यवस्थित होते, शब्द सुचतात. एकटं बसलं की दोन मिनिटांत संपते. गाताना आतून काही हलत नाही, फक्त सूर सांभाळले जातात. लोकांच्या अडचणी ऐकताना कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्याची लाज वाटते. देव नाही असं वाटत नाही. तो आहे, पण आपल्याशी बोलत नाही, असं वाटतं.

विचारायचं ते असं. हा विश्वास गेल्याचा पुरावा आहे का? काही वाटत नसताना केलेली प्रार्थना ढोंग ठरते का? सेवा सोडावी का, आणि सोडायची तर किती? आणि रोजच्या दिवसात नेमकं काय करावं, म्हणजे किती मिनिटं, कोणता उतारा, कोणत्या वेळी? कृपया मोघम सांगू नका.

---

उत्तर: निवृत्त_पाळक

ताई, जय ख्रिस्त.

बायबलमधलं १ राजे १९ उघडा, पण धडा तयार करायला नको. फक्त घटनांचा क्रम बघा. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर देवाचा संदेष्टा एलीया याची सर्वांत मोठी सेवा नुकतीच झाली आहे. लगेच ईजबेल राणीची धमकी येते. तो बैर-शेब्यापर्यंत पळतो, चाकराला तिथे ठेवतो, एकटा दिवसभर रानात चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. एलीया झोपतो. दूत उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो, दूत पुन्हा खायला घालतो, कारण वाट फार लांबची आहे. होरेब डोंगर येईपर्यंत चाळीस दिवस जातात आणि तिथे पोचल्यावर देव विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? एलीया तक्रार करतो. वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो मंद स्वर झाल्यावर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तीच तक्रार जशीच्या तशी पुन्हा करतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. त्यानंतर कामाची वाटणी होते: राजे म्हणून हजाएल आणि येहू, आणि एलीयाच्या जागी संदेष्टा म्हणून अलीशा. शिवाय सांगितलं जातं की इस्राएलात बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत, म्हणजे तू एकटा नाहीस.

आधी शरीर, मग मोकळेपणाने बोलणं, मग कामाची वाटणी. आपल्या मंडळ्यांत हा क्रम उलटा लागतो. थकलेल्याला आधी नवी जबाबदारी देतो ("सेवेत राहिलात की आनंद येईल"), मग साक्ष मागतो, आणि झोपेचं कोणी विचारतच नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त शरीराचे. रात्री सात ते आठ तास झोप, ठरलेल्या वेळी. शुक्रवारचा उपास बंद. हवं तर प्रार्थनेला जा, पण जेवून जा. दिवसातून अर्धा तास चाला, शक्यतो उन्हात, कानात संदेश किंवा गाणी न लावता. या दोन आठवड्यांत सेवेबद्दल काहीही ठरवू नका.

तिसऱ्या आठवड्यात एक कागद घ्या. मंडळीतलं तुमचं प्रत्येक काम वेगळ्या ओळीत लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी: आठवड्याचे तास (तयारी आणि फोन धरून), हे काम दुसरं कोण करू शकेल, आणि हे करून परतताना काही मिळाल्यासारखं वाटतं की फक्त दिल्यासारखं. तयारीचे तास लोक नेहमी विसरतात. एका संडे स्कूलच्या तासामागे शनिवारची संध्याकाळ जाते, तीही मोजा. मग एकच काम ठेवा, तयारी सर्वांत कमी लागणारं. तुमच्या बाबतीत ते बहुधा क्वायरमध्ये नुसतं गाणं असेल. तालमी ठरवणं आणि लोकांना फोन करणं दुसऱ्याकडे जाऊ द्या. बाकी सगळं निदान तीन महिने थांबवा. सगळंच सोडू नका. एकदम शून्यावर आलेला माणूस पहिल्या दोन रविवारी हलका होतो, तिसऱ्या रविवारी लोक "दिसला नाहीत" म्हणतात, आणि चौथ्यापासून तो यायचाच बंद होतो.

सुट्टी फसते ती तीन कारणांनी. पहिलं, परतीची तारीख ठरलेली नसते. "थोडे दिवस" म्हणून थांबलेली माणसं दुसऱ्याच आठवड्यात कोणी आजारी पडलं म्हणून परत उभी राहतात. तारीख लिहून द्या, उदाहरणार्थ ईस्टरनंतरच्या रविवारपासून ऑगस्टअखेर. दुसरं, काम सोपवलं जातं पण माहिती सोपवली जात नाही, मग रोज फोन येतात. हजेरीवही, धड्यांचं पुस्तक, मुलांची नावं आणि पालकांचे नंबर, कोणत्या मुलाकडे जास्त लक्ष लागतं ते, कपाटाची किल्ली आणि वर्गणीचा हिशेब, एवढं एकाच दिवशी द्या. दोन रविवार नव्या शिक्षिकेबरोबर बसा आणि तिसऱ्या रविवारी वर्गात जाऊ नका. मंडळीचे ग्रुप म्यूट करा. तिसरं, रिकामा झालेला तास घरातलं दुसरं काम गिळून टाकतं. त्यावर उपाय शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाचा. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात शब्बाथाचं कारण काय दिलंय? तू मिसर देशात दास होतास. दासाला सुट्टी नसते, मुक्त माणसाला असते. चर्चमध्ये राबणाऱ्याचा रविवार हा कामाचाच दिवस असतो, म्हणून दुसरा अर्धा दिवस शोधा. सलग चार तास पुरेत. त्या वेळात सासूबाईंजवळ कोण बसणार हे नवऱ्याशी किंवा नणंदेशी आधी बोलून पक्कं करा. हे ठरल्याशिवाय शब्बाथ होतच नाही, कितीही इच्छा असली तरी.

---

उत्तर: पहाटेची_प्रार्थना

सिस्टर, वरचं सगळं चांगलं आहे, पण शत्रूचा हल्ला असतो तेव्हा माघार घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. दानीएल १० मध्ये दानीएल संदेष्ट्याने तीन आठवडे रुचकर अन्न, मांस, द्राक्षारस वर्ज्य केला. एकवीस दिवसांचा उपास धरा, पहाटे तीनला उठून एक तास गुडघ्यावर घालवा. कोरडेपणा तुटतो.

---

उत्तर: वसईची_सहप्रवासी

जय येशू, ताई आणि भाऊ. मी कॅथलिक परंपरेतून लिहिते आहे. आध्यात्मिक मार्गदर्शनात हा प्रश्न सतत येतो आणि त्यावर जुनं, तपासून पाहिलेलं ज्ञान आहे.

भाऊंचा हेतू खरा आहे आणि उपासाची जागा मोठी आहे. पण त्याच अध्यायात पुढे वाचा: तीन आठवड्यांनंतर दानीएलाच्या अंगात त्राण उरत नाही आणि दूताला त्याला स्पर्श करून पुन्हा बळ द्यावं लागतं. ज्याच्याकडे बळ शिल्लक आहे त्याने उपास धरावा. झोप अपुरी, नोकरी पूर्ण वेळ, घरी आजारी माणूस, अशा स्थितीत पहाटे तीनला उठलं की दहाव्या दिवशी चिडचिड होते, पंधराव्या दिवशी उपास मोडतो, आणि "एवढंही जमलं नाही" ही टोचणी वर बसते. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याने १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे कठोर तप करून स्वतःची तब्येत बिघडवून घेतली होती. पुढे १५४८ मध्ये त्याने आपला अनुयायी फ्रान्सिस बोर्जिया याला पत्र लिहून प्रार्थनेचे तास निम्मे करायला आणि शरीराची काळजी घ्यायला सांगितलं. शरीर देवाने सोपवलेली ठेव आहे, ते मोडण्याचा हक्क आपल्याला नाही, अशी त्याची भूमिका होती.

आता मूळ मुद्दा. कोरडेपणा एकाच प्रकारचा नसतो, आणि प्रकार ओळखल्याशिवाय उपाय सांगणं धोक्याचं. सोळाव्या शतकातला कार्मेलाइट या संन्यासी संघातला संत, क्रूसाचा योहान (१५४२–१५९१), याने तीन खुणा दिल्या आहेत. तो स्वतः स्पेनमधल्या तोलेदोच्या कोठडीत सुमारे नऊ महिने कोंडला गेला होता, त्यामुळे अंधाराबद्दल तो वरवरचं लिहीत नाही.

पहिली खूण: देवाच्या गोष्टींत गोडी नाही, आणि जगातल्या इतर गोष्टींतही नाही. दुसरी: तरीही मन देवाकडे ओढलेलं आहे, आपण त्याची सेवा नीट करत नाही याची आत सल आहे. तिसरी: पूर्वीसारखं चिंतन करता येत नाही. प्रसंग डोळ्यांसमोर आणणं, त्यावर विचार करणं, कितीही जोर लावला तरी जमत नाही. तिन्ही एकत्र असतील तर ही बहुधा देवानेच नेलेली वाट आहे, घसरण नव्हे.

खुणा उलट्याही वापरा. लग्न, गप्पा, स्वयंपाक, मालिका या सगळ्यांत मजा येते आणि फक्त प्रार्थनेतच नाही, तर कुठेतरी काही अडलंय. बहुतेक वेळा मंडळीतल्याच कोणाबद्दलचा न बोललेला राग असतो. तो शोधा. कशातच गोडी नाही आणि देवाबद्दलची सलही नाही, सगळंच बधिर, तर ते मन आजारी असल्याचं लक्षण असू शकतं. योहाननेही उदासीच्या विकाराची शक्यता वेगळी काढून ठेवली आहे. त्याबद्दल इथे कोणी जाणकार लिहील तर बरं. तुमच्या प्रश्नात "त्याची लाज वाटते", "तो बोलत नाही" असं आहे. म्हणजे सल जिवंत आहे. विश्वास गेलेल्या माणसाला देवाच्या मौनाचं दुःख होत नाही.

ढोंगाबद्दल. जे वाटत नाही ते वाटतंय असं लोकांना दाखवणं हे ढोंग. काही वाटत नसताना देवापुढे येऊन बसणं म्हणजे निष्ठा. मार्क ९ मधल्या मुलाचा बाप एकाच दमात म्हणतो की मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. येशू त्याला परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो. मदर तेरेसांच्या पत्रांवरून आता सर्वांना माहीत आहे की कोलकात्यातलं काम सुरू झाल्यापासून कित्येक दशकं त्यांना आत अंधारच जाणवत होता, आणि काम व प्रार्थना दोन्ही चालू होती. फक्त त्याचा अर्थ "म्हणून तुम्हीही राबत राहा" असा लावू नका. त्यांच्या पाठीशी आध्यात्मिक मार्गदर्शक होते, त्या त्यांना मोकळेपणाने लिहीत होत्या, आणि दिवसाला ठरलेला क्रम होता. तुम्हाला यातलं पहिलं मिळालेलं दिसत नाही.

चारचौघांत प्रार्थना करायची वेळ आली तर जे मनात नाही ते बोलू नका. प्रभूची प्रार्थना म्हणा किंवा एखादं स्तोत्र वाचा. ते शब्द मंडळीचे आहेत, ते खोटे ठरत नाहीत.

रोजचा क्रम असा ठेवा. सकाळी पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. स्तोत्र १३१ घ्या, तीनच ओव्या आहेत. दूध सुटलेलं मूल आईपाशी शांत असतं तसा माझा जीव, असं त्यात आहे. त्या मुलाला आता आईकडून काही मागायचंही नसतं, ते नुसतं तिच्याजवळ असतं. एकदा सावकाश वाचा. दुसऱ्यांदा वाचताना जो शब्द अडवेल तिथे थांबा. तो शब्द श्वासाबरोबर मनात म्हणत राहा. मन भटकलं की त्याच शब्दावर परत या, रागावू नका. तिसऱ्यांदा वाचून उठा. पूर्ण आठवडा तेच स्तोत्र. दुसऱ्या आठवड्यात ६२ च्या पहिल्या आठ ओव्या, मग २७. वही-पेन जवळ ठेवू नका. शिक्षकाच्या हातात पेन आलं की धडा सुरू होतो. पंधरा मिनिटं झाली की उठा, चांगलं वाटत असलं तरी. वाईट वाटत असेल तर मात्र एक मिनिट जास्त बसा. इग्नेशियसचा हा नियम आहे: कोरड्या वेळी ठरल्यापेक्षा थोडं जास्त थांबायचं, म्हणजे कंटाळा आपल्याला उठवत नाही.

रात्री दहा मिनिटं दिवसाकडे बघणं. देवाच्या समोर आहोत हे आठवणं, दिवसातल्या दोन-तीन गोष्टींचे नाव घेऊन आभार, सकाळपासूनचे तास क्रमाने डोळ्यांखालून घालणं, जिथे चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी एक छोटी मागणी. हे बिघडतं ते एकाच ठिकाणी: थकलेली माणसं तिसऱ्या पायरीवर स्वतःवर खटला भरतात. म्हणून आभाराला किमान तीन मिनिटं द्या, आणि चूक एकच निवडा. दुसरी आठवली तरी उद्यावर सोडा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. इग्नेशियस सांगतो की आतल्या अंधाराच्या काळात आधीचा निश्चय बदलू नये. पाळकसाहेबांच्या सल्ल्याशी हे विसंगत नाही. सेवा कमी करणं हे दुसऱ्याशी बोलून ठरवलेलं, तारखेचं आणि मागे घेता येणारं पाऊल आहे. मंडळी सोडणं, पंथ बदलणं, सगळ्यांना सुनावणारं पत्र लिहिणं, "मी आता विश्वासी नाही" असं जाहीर करणं, हे सगळं उजेड येईपर्यंत थांबवा.

---

उत्तर: समुपदेशन_सेवा

वसईच्या ताईंनी जागा मोकळी ठेवली आहे, तिथे लिहितो. क्षेत्र मानसिक आरोग्याचं आहे.

अशा थकव्याची (बर्नआउटची) ओळख जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात आहे: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. ती व्याख्या नोकरीपुरती आहे आणि तिला रोग म्हटलेलं नाही. तरी चर्चमधल्या बिनपगारी सेवेत हीच तिन्ही दिसतात. "लोकांच्या अडचणी ऐकताना कंटाळा" ही दुसरी खूण आहे. प्रेम आटलं असा त्याचा अर्थ होत नाही. ऐकण्याची क्षमता संपली आहे, आणि ती विश्रांतीने परत येते.

नैराश्य वेगळं. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास, किंवा कशातच रस नाही. या दोन्हींपैकी एक तरी हवंच. त्याबरोबर झोप फार कमी किंवा फार जास्त, भूक किंवा वजनात बदल, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, सतत थकवा, स्वतः निरुपयोगी असल्याची किंवा अकारण अपराधाची भावना, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. या नऊंपैकी पाच असतील आणि रोजचं काम अडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. साधा फरक: थकवा असेल तर चार दिवस गावी गेल्यावर, चांगली झोप झाल्यावर थोडं तरी बरं वाटतं. नैराश्यात सुट्टीतही काही हलत नाही, आणि पहाटे लवकर जाग येऊन मन सर्वांत जड असतं.

विश्वासी माणसांत एक गोष्ट आजाराचं निदान लांबवते. अपराधाची भावना हे आजाराचं लक्षण असतं, पण तिला पापाची जाणीव समजलं जातं. मग माणूस क्षमा मागत राहतो, क्षमा जाणवत नाही, म्हणून आणखी मागतो. क्षमा मागून, शक्य ती भरपाई करूनही तीच टोचणी रोज तितक्याच जोराने येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. तसंच, प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून पहिल्यापासून पुन्हा म्हणणं, देवाची निंदा करणारे विचार नको असताना घुसणं, एकाच गोष्टीची पुन्हा पुन्हा कबुली देणं, हा मंत्रचळाचा म्हणजे ओसीडीचा धार्मिक प्रकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. अशा वेळी प्रार्थना वाढवली की विकार वाढतो, म्हणून आधी ओळखणं गरजेचं.

मनाच्या डॉक्टरांआधी किंवा बरोबरीने नेहमीच्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड मंद असलं तर हुबेहूब "आत्मिक कोरडेपणा" दिसतो. गोळ्या लागल्या तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून किंवा कोणी "विश्वासाने बंद करा" म्हटलं म्हणून मध्येच थांबवू नयेत. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच.

मरणाचे विचार येत असतील, एकदाच आले असले तरी, आजच कोणाला तरी सांगा. टेली-मानस, क्रमांक १४४१६, सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. स्तोत्रांमध्येही असं बोललेलं आहे. ते सांगण्याने कोणाचा विश्वास खोटा ठरत नाही.

---

उत्तर: केडगाव_वाचक

"हा विश्वास खरा आहे का" या प्रश्नाला आपल्याच मातीतलं एक उत्तर आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे १८८३ मध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. नंतर आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं की ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त मात्र सापडायचा राहिला होता. हे त्यांना कळलं तेव्हा त्या विधवांचं काम हाताशी घेऊन बसल्या होत्या. आधीची वर्षं त्यांनी खोटी ठरवली नाहीत, आणि कळल्यावर काम टाकलंही नाही. पुढचं केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं आहे. काम आणि शोध दोन्ही एकाच आयुष्यात, एकाच वेळी असू शकतात.

आणि पद सोडणं म्हणजे ख्रिस्ताला सोडणं नाही, हे नारायण वामन टिळकांनी दाखवलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक बरीच वर्षं मिशनच्या नोकरीत होते. १९१७ मध्ये ती सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा समुदाय सुरू केला. ते पाऊल मात्र थकव्यातून आलेलं नव्हतं, विचार पक्का झाल्यावर उचललेलं होतं. वसईच्या ताईंनी सांगितलेला फरक तोच आहे.

---

प्रश्नकर्ती: संडेस्कूल_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. नऊपैकी तीन लक्षणं जुळतात, तरी रक्ततपासणीची वेळ घेतली आहे. दोन गोष्टी अजून अडतात. आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना आणि कमिटीला नेमकं काय सांगू? "थकले" म्हटलं तर विश्वासात थंड पडले असं समजतील. आणि देवाजवळ तक्रार करणं मला अविश्वासासारखं वाटतं. एलीयाने केली, पण तो एलीया. सामान्य माणसाने ती कशी करावी?

---

उत्तर: निवृत्त_पाळक

ताई, आधी दुसरा प्रश्न.

एकशे पन्नास स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत, आणि ती मंडळीने एकत्र गायची होती. तेव्हा तक्रार फक्त संदेष्ट्यांची नाही. स्तोत्र १३ सहाच ओव्यांचं आहे, त्याचा साचा घ्या. पहिल्या दोन ओव्यांत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो: देवाबद्दल, स्वतःच्या मनाबद्दल, शत्रूबद्दल. पुढच्या दोन ओव्यांत मागणं, आणि शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. तुमचे स्वतःचे तीन "कोठवर" लिहा, एकेका ओळीत, नाव घेऊन. "माझ्यावर संकट आहे" असं मोघम नको. "सासूबाईंना रात्री तीनदा उठवावं लागतं, हे कोठवर?" असं लिहा. मग एकच मागणं. भरवशाची ओळ आज खरी वाटत नसेल तर लिहू नका, तेवढी जागा कोरी ठेवा. स्तोत्र ८८ मध्ये ती ओळ नाहीच. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. आठवड्यातून एकदा, त्या चार तासांच्या विश्रांतीत, हे करा. रोज केलं तर तक्रारच दिनक्रम होते. कागद कोणाला दाखवायचा नाही, घरगुती प्रार्थनेत वाचायचा नाही.

आता कमिटी. तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलं की तिथेच "अहो ताई, तुमच्याशिवाय कसं होईल" सुरू होतं आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही. आधी पाळकांना एकटं भेटा, मग पत्र द्या. पत्र पाच-सहा ओळींचं. कारण लांबलचक नको, आत्मिक स्थितीचं वर्णन तर नकोच. ते पाळकांशी किंवा मार्गदर्शकाशी बोलायचं असतं, कमिटीच्या वहीत नोंदवायचं नसतं. असं काहीसं:

"संडे स्कूल, महिला मंडळाचं नेतृत्व आणि घरगुती प्रार्थनेची जबाबदारी मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत थांबवत आहे. घरातील आजारपण आणि माझी तब्येत पाहता विश्रांती आवश्यक आहे. रविवारच्या उपासनेला आणि क्वायरमध्ये गायला मी येत राहीन. संडे स्कूलची वही, साहित्य आणि किल्ली अमुक यांच्याकडे सोपवली आहे. या काळात कामासंबंधी विचारायचं असल्यास शनिवारी संध्याकाळी सहा ते सात फोन करावा. अमुक तारखेला पुढील निर्णय कळवीन."

कोणी "थंड पडलात का" विचारलं तर उत्तर एकच ठेवा: "पाळकसाहेबांशी बोलले आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा." त्यापुढे खुलासा करू नका. पाळकच समजून घेत नसतील तर वादात शक्ती घालवू नका. दुसऱ्या मंडळीतला एखादा अनुभवी पाळक किंवा रिट्रीट (एकांतातली प्रार्थना-शिबिरं) देणारी एखादी सिस्टर शोधा. महिन्यातून एकदा एक तास पुरतो. पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे, तिथे सर्व पंथांचे लोक जातात. असं एखादं ठिकाण तुमच्या जवळ आहे का, ते बघा.

ठरलेली तारीख आली की परतण्याआधी तीन गोष्टी तपासा. झोप नीट लागते का? लोकांचं ऐकताना पुन्हा थोडी आस्था वाटते का? आणि धड्याची तयारी नसताना एखादं स्तोत्र आपणहून उघडलं जातं का? प्रार्थनेत गोडी परत आली का, हे विचारू नका. ती देवाच्या वेळेने येते आणि तिची वाट बघत बसलं की तीच एक नवी परीक्षा होऊन बसते. तीनपैकी दोन उत्तरं "हो" असतील तर एक काम परत घ्या, महिन्यातून दोनच रविवार, दुसऱ्या शिक्षिकेबरोबर वाटून. नाहीतर आणखी दोन महिने वाढवा आणि तसं त्याच पद्धतीने लिहून द्या. नाताळच्या तालमींना या वर्षी नावच देऊ नका, कारण बहुतेक लोक पुन्हा तिथेच मोडतात.